बकरीनं सोडलेली फुलं

पडीक घरात पूर्वी कोण राहत होतं हे जाणून घ्यायचं, तर आधी बकऱ्यांचा विचार करावा लागतो. घर बंद पडलं, दोन-चार पावसाळ्यांत भिंत खचली, कवेलू उतरवून नेले, दाराची चौकट कुणाच्या तरी गोठ्याला लागली, की अंगणावर पहिला ताबा बकऱ्यांचा. एका उन्हाळ्यात त्या सगळं निवडून मोकळ्या होतात. जास्वंद बुडख्यापर्यंत जाते, मोगरा जातो, गुलाब काट्यांसकट जातो. मागे राहतात पिवळी बिट्टी, कण्हेर, सदाफुली आणि बहुतेक वेळा चाफा. बिट्टी आणि कण्हेर मुळापासून शेंड्यापर्यंत विषारी. सदाफुली कडू. कॅन्सरवरची औषधं तिच्यातून निघाली, पण बकरीला त्याचं काय. चाफ्याचं पान तोडलं की चीक येतो, तो तिला नको असतो. आमच्याकडे वर्धा जिल्ह्यात, आर्वीच्या बाजूला शेताच्या धुऱ्यानं चालताना मधेच पिवळ्या बिट्टीचं एकटं जुनं झाड लागलं, की बरोबरचं माणूस सांगतं, इथं घर होतं. बहुतेक वेळा जोत्याचे दगडही जवळपास सापडतात.

विदर्भात अशी अख्खी गावंच्या गावं आहेत. महसुली दप्तरात त्यांच्यापुढे ‘रिठी’ लिहितात. मौजा अमुक, रिठी. नकाशावर शीव असते, सातबारा निघतो, कापूस-तूर पिकते, पण राहतं माणूस कुणी नाही. का उठलं गाव, हे विचारलं तर म्हातारी माणसं पटकीचं नाव घेतात, पुराचं घेतात, कुणी आटलेल्या विहिरीचं. देवळाचा ओटा तेवढा राहिलेला असतो, त्यावर शेंदूर फासलेला दगड, आणि बाजूला चाफा.

आम्ही घेतलेलं घर रिठीतलं नाही, भर गावातलं आहे. पण घेतलं तेव्हा बरीच वर्षं बंद होतं. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या गुरुजींचं घर. गुरुजी वारले, मास्तरीणबाई थोरल्या मुलाकडे नागपूरला गेल्या आणि तिकडेच गेल्या. मुलांना गावात यायचं नव्हतं, आम्हाला शहरात राहायचं नव्हतं, व्यवहार झाला. ग्रामपंचायतीचा नमुना आठ, म्हणजे घराच्या नोंदीचा उतारा, काढला तर त्यात क्रमानं नावं: गुरुजींचे वडील, गुरुजी, मग दोन मुलगे, मग आम्ही. आता नवरा-बायको दोघांची नावं लावतात, म्हणून माझंही लागलं. मास्तरीणबाईंचं नाव कुठेच नव्हतं. उभा संसार त्यांनी त्या चार भिंतींत केला, सारवलं त्यांनी, पोतेरं फिरवलं त्यांनी, आणि कागदाला त्यांचा पत्ताच नाही. यात नवल काही नाही, सगळ्याच गावाचे कागद तसे आहेत. पण मला मग त्या बाईंविषयीच कुतूहल वाटू लागलं, गुरुजींविषयी नाही. गुरुजींचा फोटो अजून शाळेत आहे.

बाईंचा माग अंगणात लागतो, तोही पावसाळ्यात. उन्हाळ्यात आम्ही घर ताब्यात घेतलं तेव्हा मागची वाडी म्हणजे नुसती भेगाळलेली काळी माती, तरोट्याची वाळकी काडं आणि प्लॅस्टिक. मृगाचा पाऊस झाला आणि आठवड्याभरात जमिनीतून कर्दळ वर आली, एका रेषेत. इतकी सरळ रेषा आपसूक उगवणारं झाड धरत नाही. रेषेच्या वरच्या टोकाला दगड उपसले तर खाली न्हाणीचा उतार सापडला. न्हाणी पाडून विटा कुणी कधीच्या नेल्या होत्या, पण आंघोळीचं पाणी कुठून कुठे वाहत होतं हे कर्दळीच्या गड्ड्यांना ठाऊक होतं. रेषेच्या खालच्या टोकाला अळू. म्हणजे तिथे पाणी साचायचं. अळूच्या पलीकडे मेंदीचं खुरटलेलं झाड, म्हणजे तिथे कुंपण. पुढच्या अंगणात वृंदावन ढासळलेलं होतं, पण त्याच्या आजूबाजूला हातभर अंतरात तुळशीची इतकी रोपं उगवली की उपटून वाटावी लागली. मोजपट्टी न घेता घराचा जुना नकाशा काढता आला असता. स्वयंपाकघर कुठल्या अंगाला, भांडी कुठे घासायच्या, दारात कुणी बसलं तर त्याला काय दिसायचं, सगळं.

फुलझाडांना आपल्या गावात चांगलं पाणी कधीच मिळालेलं नाही, हे यात लक्षात घ्यायला हवं. विहिरीवरून गुंड भरून आणायचा तो पिण्यासाठी नि स्वयंपाकासाठी. फुलांच्या वाट्याला यायचं ते तांदूळ धुतलेलं, भांडी विसळलेलं, हातपाय धुतलेलं. त्यामुळे जुन्या अंगणातली फुलं कधी शोभेसाठी जागा निवडून लावलेली नसतात. सांडपाणी जिकडे जातं तिकडे ती असतात. घरच्या बाईच्या दिवसभराच्या कामाची वाट त्यावरून काढता येते.

आणि मग गुलबक्षी. कर्दळीनंतर तीच, कुंपणाच्या कडेनं, ढिगानं. वरचा पाला कुणी ओरबाडला तरी जमिनीत तिचा गाजरासारखा जाड गड्डा शाबूत असतो, शिवाय मिऱ्याएवढं काळं बी खाली सांडत राहतं. ते फोडलं की आत पांढरं पीठ निघतं. लहानपणी आम्ही ते पावडर म्हणून बाहुलीला लावायचो आणि मग स्वतःलाही. चार वाजले, ऊन जरा कललं, की कळ्या सुटायला लागतात. ज्या घरात घड्याळ फक्त पुरुषाच्या मनगटावर असायचं तिथे संध्याकाळच्या चहाचं आधण गुलबक्षीवर ठरायचं. नळी लांब असल्यानं फुलं सुईदोऱ्याशिवाय एकमेकांत गुंफता येतात, आणि भुलाबाईच्या दिवसांत, भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत, गावातल्या पोरी संध्याकाळी याच फुलांसाठी कुंपणाकुंपणाला हिंडायच्या. गाणी म्हणायची, खिरापत काय ते डब्याच्या आवाजावरून ओळखायचं, आणि त्याआधी फुलं. आता हिंडणाऱ्या पोरी कमी झाल्यात. गुलबक्षी आहे तेवढीच आहे.

एकाच झाडावर गुलाबी, पिवळं आणि दोन्ही रंगांच्या शिंतोड्यांचं फूल येतं, हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. पानांवरही कधी पांढरे चट्टे असतात. जर्मन शास्त्रज्ञ कार्ल कोरेन्स यांनी १९०९ साली या चट्ट्यांच्या पानांवरून दाखवून दिलं की काही गुण बीजात फक्त आईच्या बाजूनं येतात. पराग कुठल्याही झाडाचा घ्या, रोपाचं पान हिरवं की चट्ट्यांचं, हे ज्या फांदीवर बी धरलं तिच्यावर ठरतं. नमुना आठमध्ये बापाकडून लेकाकडे सरकत गेलेली ती नावं वाचून झाल्यावर ही माहिती मला भलतीच आवडली. कुंपणाशी चाललेला कारभार कागदाच्या अगदी उलटा.

पारिजातकही आहे, न्हाणीपासून लांब, ईशान्येला. त्याच्यावर मी लिहीत नाही. मराठीत त्याच्यावर पुरेसं लिहून झालेलं आहे आणि त्यात माझी भर पडणार नाही.

पुढचा किस्सा आमच्या समोरच्या मावशींशिवाय पुरा होत नाही. मास्तरीणबाईंचा नातू, पुण्यात कंपनीत असतो, एका श्रावणात घर बघायला आला. चांगला मुलगा. सगळीकडे फिरला, ओसरीच्या खांबाला हात लावून उभा राहिला, मग गुलबक्षीच्या ताटव्यापाशी जाऊन त्यानं फोटो काढले आणि तिथल्या तिथे मोबाइलवर स्टेटस टाकलं: आजीची आवडती फुलं. मला दाखवलंही. मावशी दारात उभ्या राहून तांदूळ निवडत होत्या. तो गेल्यावर त्या म्हणाल्या,

“गुलबक्षी? आवडती? तिले कोन लावते बाप्पा! थे तं आपसूकच येते. बाई तिले उपटून उपटून फेके. तिचा जीव शेवंतीत. मी म्हणो, बाई, तुमी भांडे दोन-दोनदा कावून घासता? तं म्हणे, शेवंतीले पानी कमी पडून रायलं.”

शेवंती हे फार लाडावलेलं झाड. फुलून झालं की छाटायचं, बुडाचे फुटवे वेगळे करून पावसाळ्यात पुन्हा लावायचे, उन्हाळाभर सावलीत जगवायचे. पंचेचाळीस अंशांच्या वैशाखात शेवंतीचं रोप जिवंत ठेवणं म्हणजे घरात एक तान्हं असणं. मार्गशीर्षातल्या गुरुवारी अर्ध्या गावाच्या पूजेची पिवळी शेवंती या अंगणातून जायची, असं मावशी सांगतात. तिच्याशेजारी मोगरा होता. विहिरीकडच्या भिंतीशी एक गावठी गुलाब, एकेरी पाकळीचा, वासाचा. जाई होती, ती बाईंनी माहेरून आणलेली, मांडवावर चढवलेली. यातलं आज एकही नाही. मांडवाचे दोन खांब रोवल्याची भोकं तेवढी आहेत.

म्हणजे नातवाच्या हाती लागलं ते काय? त्याच्या आजीनं ज्याचा राग राग केला ते. मला त्याची कीव नाही आली, कारण दुसरं काय करणार होता तो. उरलेल्या झाडांवरून आपण माणूस वाचतो, आणि उरलेली झाडं तर माणसाला न जुमानणारी असतात. घरातलं माणूस गेलं तरी ज्यांचं काही अडलं नाही ती. ज्यांना रोज कुणाचा तरी हात लागायचा ती पहिल्याच उन्हाळ्यात गेली. कुणाला काय आवडत होतं ते पाहायचं तर अंगणात काय नाही ते पाहावं लागेल, आणि नसलेलं झाड कुणी दाखवल्याशिवाय दिसत नाही. त्यासाठी समोर एखाद्या मावशी लागतात, आणि त्या जिवंत असाव्या लागतात. रिठीतल्या त्या बिट्टीखाली सांगायला कुणी नसतं. तिथे कोण जाणे किती शेवंत्या होत्या.

चाफ्याचं मात्र वेगळं आहे. पांढरा चाफा मूळचा अमेरिका खंडातला, मेक्सिकोच्या बाजूचा. तसं पाहिलं तर झेंडू, गुलबक्षी, निशिगंध हे सगळेच तिकडचे, सदाफुली मादागास्करची. आपल्या देव्हाऱ्यातली निम्मी फुलं समुद्र ओलांडून आलेली आहेत आणि देवानं कधी हरकत घेतलेली नाही. चाफ्याला वास आहे, मध नाही. रात्रीचे पतंग वासाला भुलून येतात आणि उपाशी परत जातात. आपल्याकडे त्याला शेंग क्वचितच धरते. त्यामुळे चाफा वाऱ्यानं आला, पाखरानं टाकला, असं सहसा होत नाही. कुणीतरी फांदी तोडावी लागते, चीक वाळेपर्यंत ती सावलीत टाकून ठेवावी लागते, मग मातीत खोचावी लागते. म्हणून चाफा दिसला की तिथे हात होता हे जवळपास नक्की धरावं.

आणखी एक गोष्ट. बियांपासून आलेली गुलबक्षी ही जुन्या गुलबक्षीची लेक-नात. फांदीपासून लावलेला चाफा मात्र लेक नसतो. तो तोच असतो. ज्या झाडाची फांदी, त्याच झाडाचा तो पुढचा भाग. मास्तरीणबाईंचा चाफा मारुतीच्या देवळातल्या चाफ्याची फांदी, देवळातला दुसऱ्या कुठल्या गावाहून आणलेला, असं मागे मागे जात राहिलं तर किती बायकांच्या नि पुजाऱ्यांच्या हातांतून एकच झाड फिरत आलंय. कुठे तुटलेलं नाही. माणसांच्या घराण्यात अशी सोय नाही.

सेवाग्राम आमच्यापासून लांब नाही. तिथे आदिनिवासाच्या, म्हणजे आश्रमातल्या पहिल्या घराच्या, आवारात झाडांना पाट्या आहेत. बापूंनी १९३६ साली लावलेला पिंपळ, बांनी लावलेली बकुळ. लोक थांबतात, पाटी वाचतात, वर बघतात. शाळेच्या सहली येतात तेव्हा बकुळीखाली पोरं फुलं वेचतात आणि मास्तर पाटी वाचून दाखवतात. बरं वाटतं. बांची म्हणून आठवण ठेवायला एक झाड आहे हे चांगलंच आहे. पण मला राहून राहून वाटतं की ती पाटी नसती तर बकुळ बकुळच राहिली असती आणि बा त्यातून निघून गेल्या असत्या. आठवण झाडात फार थोडी असते. ती पाटीत असते, नाहीतर सांगणाऱ्यात.

गाव उठतं तेव्हा हे जास्त बोचतं. वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाचं भूमिपूजन राजीव गांधींच्या हस्ते १९८८ साली झालं. पुढे भंडारा आणि नागपूर जिल्ह्यांतली कितीतरी गावं बुडीत क्षेत्रात गेली, लोक आखलेल्या प्लॉटांवर राहायला आले. जमीन संपादन होताना झाडांचं मूल्यांकन वेगळं होतं. आंबा, चिंच, मोह, सागवान, फळझाड किती वर्षांचं, लाकूड किती निघेल. न्हाणीमागच्या कर्दळीला, कुंपणाच्या गुलबक्षीला त्यात रकाना नसतो. असावा असंही मी म्हणत नाही. त्याचा भाव काय लावणार? पण बुडीत गावातल्या घरांमधून मोबदला न मागता जे पाण्याखाली गेलं त्यात बायकांनी लावलेलं बरंच होतं. ज्यांनी एखादा गड्डा ओच्यात बांधून नेला असेल त्यांच्या नव्या अंगणात तो असेल.

आता राहता राहिला भुईचाफा, ज्यावरून आमच्या घरी यंदा वाद झाला.

भुईचाफ्याचं तंत्र उलटं आहे. पावसाळ्यात त्याला हळदीसारखी पानं येतात, पानाची मागची बाजू जांभळट. थंडीत पानं वाळून जातात आणि जमिनीवर काही म्हणता काही उरत नाही. आणि चैत्र-वैशाखात, सगळं करपलेलं असताना, पान नाही, देठ म्हणावा असा देठ नाही, थेट मातीतून फूल वर येतं. पांढऱ्या पाकळ्या, खालची पाकळी फिकट जांभळी, मधे दोन भाग झालेली. वास असा की आधी वास येतो आणि मग आपण फूल शोधतो. एक फूल जेमतेम दिवसभर टिकतं, दुसऱ्या दिवशी त्याच जागी दुसरं. आमच्या विहिरीच्या कठड्यामागे, दिवसभर सावली असते तिथे, पहिल्या उन्हाळ्यात ते उगवलं तेव्हा त्या जागी आम्ही विटा रचणार होतो.

साहजिकच मी तो मास्तरीणबाईंचा धरला. त्यांच्या आवडत्यांपैकी एक तरी टिकलं, म्हणून त्याला आळं केलं, भोवती दगड लावले. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचा तर मास्तरीणबाईंचा भुईचाफा म्हणूनच. त्यांच्या लेकीला फोटो पाठवला, ती फोनवर बराच वेळ बोलली. यंदा गावात ग्रामपंचायतीनं गल्लीला सिमेंटचे गट्टू बसवले, आणि मावशींच्या मुलानं त्याच कामाच्या जोरात त्यांचं अंगणही गट्टूनं बंद करून घेतलं. चिखल नको, झाडलोट सोपी, सुनेच्या डोक्याचा ताप कमी. त्याचंही चूक नाही. मावशी दोन दिवस बोलल्या नाहीत कुणाशी. तिसऱ्या दिवशी आमच्याकडे आल्या, विहिरीमागे गेल्या आणि भुईचाफ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या,

“हा माह्या सासूचा हाये.”

मी म्हटलं, “मावशी, हा तर मास्तरीणबाईंचा ना?”

“तिचा कुठचा! तिची पोरगी झाली, मी पाहाले आली तं संगं कांदा आनला होता. माह्या घरचा. माह्या सासूनं हिंगणघाटाहून आनेला. बाईनं लावला, इतकंच. आता माह्या घरचा तं गट्टूखाली गेला. मले परत पायजे.”

घरात यावर मतं पडली. नवऱ्याचं म्हणणं, झाड ज्या जमिनीत आहे तिच्या मालकाचं. लेकीचं म्हणणं, मास्तरीणबाईंच्या मुलीला आपण आईचा म्हणून सांगून बसलोय, तिला आता काय सांगायचं. मी काही बोलले नाही, कारण दोन्ही बाया बरोबर होत्या. एकीनं दिला, दुसरीनं जगवला, आणि मधली सगळी वर्षं दोन्ही अंगणांत एकच कंद होता, मधे फक्त गल्ली.

फुलत असताना कंद उकरायचा नसतो. पानं पिवळी पडेपर्यंत थांबायचं ठरलं. तेवढ्यात मावशी दर चार दिवसांनी येऊन पाहून जायच्या, आम्ही तो कुणाला देऊन तर टाकला नाही ना म्हणून. मार्गशीर्ष लागल्यावर मी खुरप्यानं उकरला. बोटाएवढे जाड कंद, त्यांना लोंबणाऱ्या मुळ्यांच्या टोकांशी छोट्या छोट्या गाठी, मातीला हळदीच्या जवळचा वास. निम्मे मावशींना दिले, निम्मे राहू दिले. एक मास्तरीणबाईंच्या लेकीसाठी कागदात गुंडाळून ठेवला. ती तिसऱ्या मजल्यावर राहते, कुंडीत लावीन म्हणते. कुंडीत फुलेल की नाही याबद्दल मावशींचं मत चांगलं नाही.

स्वतःचे कंद त्यांनी गट्टूच्या कडेला, गोठ्याच्या भिंतीशी वीतभर माती उरली होती तिथे लावले, आणि मुलाला बजावलं की इथे मोटारसायकल टेकवायची नाही. मला बदल्यात गवती चहाचं ठोंब आणून दिलं. आमच्याकडे गवती चहा आधीच तीन ठिकाणी आहे, पण नको म्हणायची सोय नव्हती.